कादंबरीत घटना पळतायत, पण नायक उभा राहत नाही

कडेगावकर

नमस्कार मंडळी. कादंबरीचा पहिला खर्डा पूर्ण झालाय. ३० प्रकरणं, साधारण ७०,००० शब्द. दुरुस्तीला बसलोय आणि एका जागी गाडं अडलंय.

गोष्ट थोडक्यात अशी. ऑगस्ट २०१९, सांगली. मार्केट यार्डात हळदीची अडत (शेतकऱ्यांचा माल विकून देणारी पेढी) आणि गणपती पेठेत त्याच मालकाचं जुनं गोदाम. शंकर तिथला हिशेब बघणारा दिवाणजी, वय ५२, मूळचा आटपाडीकडचा. भाव वाढेल म्हणून शेतकऱ्यांनी ठेवलेली पोती आणि मालकाची स्वतःची खरेदी एकाच गोदामात आहे. पूर येणार असं दिसल्यावर मालक रातोरात आपला माल कुपवाडला हलवतो, शेतकऱ्यांचा तसाच ठेवतो. पाणी ओसरल्यावर सगळाच माल बुडाला असं दाखवून विम्याचा दावा करतो. वाळव्याकडच्या हौसाबाईची ४० पोती त्यात जातात. शंकरला हे सगळं माहीत आहे. शेवटी तो तोंड उघडतो.

पहिली ९ प्रकरणं झपाट्यानं जातात. १० ते १४ मध्ये शंकरचं पूर्वायुष्य आहे: दुष्काळ, वडिलांचं कर्ज, सुटलेलं शिक्षण, लग्न, मालकाच्या घरानं दिलेला आधार. ज्यांना वाचायला दिलं त्यातले बरेच जण तिथंच थांबले. ती पाच प्रकरणं काढून दिली तर नवाच प्रश्न आला: "हा माणूस इतके दिवस गप्प का बसला?" म्हणजे ठेवलं तर गोष्ट थांबते आणि काढलं तर माणूस कळत नाही.

घटना किती आणि माणूस किती, याचं काही प्रमाण असतं का? पूर्वायुष्य नेमकं कुठं घालायचं? आणि नायक शेवटपर्यंत बदललाच पाहिजे का? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

वाईकर

प्रमाण शोधू नका. चार आणे माणूस, बारा आणे घटना असा हिशेब मांडला की नेमकं तुमच्या १० ते १४ सारखं होतं. घटना एका गठ्ठ्यात जातात, माणूस दुसऱ्या गठ्ठ्यात, आणि वाचकाला आलटून पालटून दोन वेगळी पुस्तकं वाचावी लागतात.

तुम्ही वर लिहिलेला सारांशच परत वाचा. मालक हलवतो, मालक ठेवतो, मालक दावा करतो, पाणी येतं, पाणी ओसरतं. शंकरच्या वाट्याला दोनच गोष्टी आल्यात: त्याला 'माहीत आहे' आणि अगदी शेवटी तो 'तोंड उघडतो'. मधला सगळा वेळ तो बघतोय. बघत बसलेल्या माणसाला कितीही बालपण दिलं तरी तो उभा राहत नाही. तुमच्याकडं पूर्वायुष्य कमी पडलेलं नाही, निर्णय कमी पडलेत.

आधी एक तक्ता करा. मोठा कागद आडवा घ्या, प्रत्येक प्रकरणाला एक ओळ आणि पाच रकाने. काय घडलं. कुणामुळं घडलं. त्या माणसापुढं दुसरा कुठला रस्ता होता. हा रस्ता धरल्याची किंमत काय. आणि प्रकरण संपताना कुठली गोष्ट आता मागं फिरवता येत नाही. प्रत्येक रकान्यात १२-१५ शब्दांच्या आत लिहा. त्याहून जास्त लागले तर त्या प्रकरणात नेमकं काय घडतं हे अजून ठरलेलं नाही असं समजा.

भरून झाला की दुसरा रकाना वरून खाली वाचा. सलग तीन ओळींत पाऊस, धरण, मालक, विम्याचा सर्व्हेअर हेच असतील आणि शंकर नसेल, तर तिथं कथानक त्याला वगळून चाललंय. चौथा रकाना रिकामा असेल तर माणसानं काही केलं खरं, पण त्याला ते फुकट पडलं, आणि फुकटच्या कृतीतून स्वभाव दिसत नाही. पाचवा रिकामा असेल तर ते प्रकरण काढून बघा. पुढचं काही अडलं नाही तर ते काढायचंच होतं. मग दोन ओळींमधला सांधा तपासा. तिथं 'म्हणून' किंवा 'पण' बसला पाहिजे. 'आणि मग' एवढंच बसत असेल तर त्या दोन घटना फक्त तारखेनं शेजारी आल्यात.

आता गप्प बसण्याविषयी, कारण तुमच्या कादंबरीतली मुख्य कृती तीच आहे. गप्प बसणं ही कृती तेव्हाच होते जेव्हा बोलायची संधी वाचकानं डोळ्यांनी बघितलेली असते. हौसाबाई समोर उभी आहे, तिनं सरळ विचारलंय, आणि शंकर भलतंच उत्तर देतो, असा प्रसंग हवा. असे तीन प्रसंग, चढत्या किमतीचे:

पहिला, तोलाईत दोन किलोचा फरक त्याला दिसतो आणि तो हिशोबपट्टीवर (शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबाच्या कागदावर) चुकीचाच आकडा उतरवतो. नुकसान किरकोळ, बाजारात कुणी भुवईही उचलणार नाही. दुसरा, हलवायच्या मालाची यादी त्याच्या अक्षरात होते. तिसरा, पूर ओसरल्यावर स्टॉक रजिस्टरच्या नव्या पानावर तो सही करतो. तिसऱ्यानंतर तो साक्षीदार राहत नाही, गुन्ह्यातला भागीदार होतो. त्यामुळं शेवटी तोंड उघडलं की मालकाआधी त्याची स्वतःची मान अडकते. आत्ता तुमचा शेवट धाडसाचा आहे, पण त्या धाडसाला किंमत पडत नाही.

पहिला प्रसंग दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकरणातच यायला हवा. त्याहून उशीर केला तर वाचकानं शंकरला 'बिचारा' या खान्यात टाकलेलं असतं, आणि तिथून त्याला बाहेर काढणं फार जड जातं.

हरिपूर_रोड

वाईकरांचा तक्ता जरूर करा. मी पुराविषयी आणि पूर्वायुष्याविषयी सांगते.

तुमच्याकडं सांगलीचा पूर आहे आणि तो तुम्ही नुसता संकट म्हणून वापरताय असं वाटतं. इथला पूर डोंगरातल्या ओढ्यासारखा एकदम अंगावर येत नाही. कोयनेतून विसर्ग किती, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर, हे आकडे दिवसभर सगळ्यांच्या तोंडी असतात. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पाणी चढत असताना माणसाला वेळ मिळतो. वेळ मिळाला की निवड करावी लागते, आणि कादंबरीकाराला एवढंच हवं असतं.

म्हणून ४ ते ९ ही प्रकरणं तारखांवर न लावता फुटांवर लावून बघा. ३५ फूट: मालक म्हणतो, २००५ ला पाणी ज्या पायरीला लागलं होतं त्याच्या वर येत नाही. हा भरवसा २०१९ ला गावातल्या पुष्कळ घरांत होता, त्यामुळं मालक इथं खलनायक वाटणार नाही. शंकरला तो पटत नाही. तो बोलतो की नाही? ४० फूट: हमाल आठच आलेत, बाकीचे आपापली घरं रिकामी करायला गेलेत. ४३ फूट: कुणाची पोती आधी उचलायची? ४५ फूट: टेम्पोची शेवटची फेरी. प्रत्येक टप्प्याला मागच्यापेक्षा एक पर्याय कमी होतो. कथानकाचा वेग आणि शंकरची कोंडी दोन्ही एकाच आकड्यानं वाढतात, वेगळा तोल साधायची गरजच राहत नाही.

थप्पीचा, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोत्यांचा, प्रसंग तर सोन्यासारखा आहे आणि तुमच्या सारांशात तो नाहीच. गोदामात जो माल आधी आला तो तळाला, नंतरचा वर. पाणी शिरलं की आधी खालचे थर भिजतात. भिजलेल्या हळकुंडाला बुरशी धरते, रंग जातो. कुणाची पोती कितव्या थरात आहेत हे फक्त दिवाणजीला पाठ असतं. हौसाबाईचा माल लवकर आला म्हणून तळाला आहे. तो काढायचा तर वरची सगळी पोती उतरवायला लागणार, हमाल आठ आणि पोतं पन्नास-साठ किलोचं. इथं शंकर नुसता बघ्या राहूच शकत नाही, कारण कुठली थप्पी आधी फोडायची हे त्यालाच सांगावं लागतं.

आता पूर्वायुष्य. पाच प्रकरणं म्हणजे तुमच्याकडं अंदाजे १२,००० शब्द असतील. त्यातले १,५०० ठेवा. सहा-सात ठिकाणी ६० ते ८० शब्दांचे तुकडे, आणि एकाच ठिकाणी मोठा, हजारभर शब्दांचा. तो मोठा तुकडा रजिस्टरवर सही करायच्या अगदी आधी. तोवर वाचक स्वतःच विचारत असतो की हा माणूस या घराला एवढा का बांधलेला आहे. प्रश्न पडायच्या आधी दिलेलं उत्तर वाचक लक्षात ठेवत नाही. तुमची १० ते १४ प्रकरणं तिथंच फसलीत.

तुकडा कसा घालायचा, त्याचा नमुना देते. असं नको:

"शंकर विचारात पडला. त्याला आपलं बालपण आठवलं. ७२ च्या दुष्काळात वडील खडी फोडायला जात. घरात खायला नसे. पुढं मालकांच्या घरानं आसरा दिला, म्हणून मालकांविरुद्ध बोलणं त्याला जड जात होतं."

असं करून बघा:

"'तळाला चाळीस आहेत,' शंकर म्हणाला. 'हौसाबाईची.'
मालकांनी यादी हातात घेतली नाही. 'पोरीची फी कधी भरायची रं?'
'वीस तारखेला.'
'मग लिही.'
आटपाडीहून आलेल्या पोराला या माणसाच्या बापानं पहिल्या दिवशी याच कट्ट्यावर जेवू घातलं होतं. भात आणि आमटी, दुसऱ्यांदा वाढून. शंकरनं पेनाचं टोपण काढलं. यादीत हौसाबाईचं नाव आलं नाही."

पहिल्या उताऱ्यात गोष्ट थांबते आणि लेखक समजावून सांगतो. दुसऱ्यात भूतकाळ दोन वाक्यांचा आहे आणि तो हातातल्या कामाच्या मध्ये आलाय, त्यामुळं त्याचं वजन थेट त्या यादीवर पडतं. 'जड जात होतं' असं सांगायची गरज उरत नाही. खर्ड्यात 'त्याला आठवलं', 'त्याला वाटलं', 'तो विचारात पडला' हे शब्द शोधून प्रत्येक ठिकाणी खूण करा. एका प्रकरणात तीनपेक्षा जास्त निघाले तर तिथं प्रसंग लिहायचा राहून गेलाय.

विटेकर

वरच्या दोन्ही उत्तरांतलं बरंचसं मान्य आहे, पण एका गोष्टीला माझा विरोध आहे. प्रत्येक प्रकरणात नायकाचा निर्णय हवाच असं धरून बसलात तर कादंबरीला धाप लागते. मोठ्या घटनेनंतर एक संथ प्रकरण लागतंच, १,२०० ते १,८०० शब्दांचं. पाणी ओसरलंय, गोदामात गुडघाभर गाळ आहे, कुजलेल्या हळदीचा वास येतोय, माणसं फावड्यानं गाळ ओढतायत. इथं नवीन काही घडू नये. झालं त्याचा हिशेब माणसं आपापल्या मनात लावतात, आणि प्रकरणाच्या शेवटच्या पानावर तेवढा एक छोटा निश्चय होतो. तक्त्यात अशा ओळीला वेगळी खूण करा. अशी दोन संथ प्रकरणं मात्र लागोपाठ येऊ देऊ नका.

दुसरं, सगळं ओझं शंकरच्याच डोक्यावर का? मालक आणि हौसाबाई दोघंही आत्ता सपाट आहेत. मालकाला लोभाशिवाय कारण द्या. त्यानं स्वतःचा माल तारण ठेवून कर्ज काढलंय, तो माल बुडाला तर पेढी बसते. म्हणून आधी तोच माल हलवायचा, हे त्याच्या जागी बसून बघितलं तर चुकीचं वाटत नाही. विम्याचा खोटा दावा ही त्याची पुढची पायरी, आणि तिथवर तो एका दमात जाऊ नये. सर्व्हेअर येतो, ओल्या पोत्यांकडं बघून "एकूण किती होती?" विचारतो, आणि मालकाच्या तोंडून मोठा आकडा निघून जातो. तो आकडा मग रजिस्टरला जुळवावा लागतो. इथं शंकरची गरज पडते. खलनायकाचा बेत आधीपासून तयार असला की कथानक सोपं होतं आणि दोन्ही पात्रं कमकुवत होतात.

हौसाबाई नुसती बिचारी नको. ती मे महिन्यात माल विकायला आलेली असू दे, आणि "दिवाळीपर्यंत थांबा, भाव चढंल" असं सांगणारा शंकरच असू दे. चांगल्या मनानं सांगितलेलं. तिनं त्याच्या शब्दावर पोती ठेवली. एवढ्या एका बदलानं पूर, थप्पी, यादी, सही या सगळ्याचा धागा शंकरच्या स्वतःच्या तोंडच्या एका वाक्याला जाऊन मिळतो. त्यानंतर "गप्प का?" असा प्रश्न कुणी विचारणार नाही, त्याचं मौन किती काळ टिकतं हे वाचक बघत राहील.

नायक बदललाच पाहिजे का? नाही. काही नायक बदलतात, काही तसेच राहतात आणि त्यांच्या तसं राहण्याची किंमत वाढत जाते, काहींच्या ठामपणामुळं भोवतालचे बदलतात. शंकर हा खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस आहे. हा गुण शेवटपर्यंत तसाच ठेवा. आधी तो मालकाच्या घराशी इमान राखतो, शेवटी आपण दिलेल्या शब्दाशी आणि आपल्या वहीशी. स्वभाव एकच, त्याचा रोख फिरतो. 'भित्रा होता, शूर झाला' यापेक्षा हे पटायला सोपं आहे आणि लिहायला अवघड.

एक विनंती. २०१९ साल उघडपणे लिहिताय म्हणून सांगतो. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरात नाव उलटून माणसं गेली. वाचकाचे डोळे ओले करायला ती घटना मध्येच आणू नका. शंकरच्या किंवा हौसाबाईच्या एखाद्या निर्णयाशी तिचा थेट संबंध असेल तरच ती कादंबरीत यावी. पलूस-वाळव्याच्या लोकांसाठी ती कथानकातली कलाटणी नाही.

कडेगावकर

तिघांचेही मनापासून आभार. "दिवाळीपर्यंत थांबा" हे वाक्य तर लगेच दुसऱ्या प्रकरणात घालतोय. तक्त्याचा दुसरा रकाना भरला. ४ ते २१ मध्ये शंकरचं नाव दोनदाच आलं. दुखणं कुठं आहे ते समजलं.

अजून दोन शंका. दुरुस्ती कुठल्या क्रमानं करू? आणि हौसाबाई सपाट वाटू नये म्हणून एखादं प्रकरण तिच्या नजरेतून लिहिलं तर चालेल का?

वाईकर

क्रम असा ठेवा. आधी तक्ता पूर्ण करा, त्यात नवे निर्णय पेन्सिलनं भरा, खर्ड्याला हात लावू नका. मग फक्त सहा प्रसंग नव्यानं लिहा: दिवाळीपर्यंतचा सल्ला, पट्टी, थप्पी, यादी, सही, शेवट. हे सहा सलग वाचले तर तुटक का होईना पण गोष्ट कळली पाहिजे. त्यानंतर १० ते १४ काढून टाका आणि त्यातले तुकडे या सहा प्रसंगांच्या आसपास पेरा. मधली प्रकरणं जुळवा. भाषा, बोलीतला गोडवा, वर्णनं हे सगळ्यात शेवटी. लोक भाषेपासून सुरुवात करतात, मग घासूनपुसून सुंदर केलेलं प्रकरण काढायला हात धजत नाही, आणि त्या प्रकरणासाठी कथानक वाकवलं जातं.

हौसाबाईच्या नजरेचं एकच प्रकरण नको, ते ठिगळ दिसेल. किमान तीन लिहा, नाहीतर एकही नको. पहिलं यादीच्या प्रसंगानंतर लगेच. शंकरनं काय लिहिलंय हे वाचकाला ठाऊक आहे आणि तिला नाही. ती घरी बसून म्हणतेय की शंकर आहे तिथं, माझ्या मालाची काळजी नाही. तिनं एवढं म्हटलं की पुढच्या पानावर काहीही न घडता ताण वाढतो. मात्र शंकरच्या प्रकरणात सांगितलेली घटना तिच्या प्रकरणात परत सांगू नका.

हरिपूर_रोड

दुरुस्त खर्डा वाचायला देताना "कसं वाटलं?" असं विचारू नका, सगळे "छान आहे" म्हणतात. छापील प्रत आणि पेन्सिल द्या. जिथं वाचन थांबवून फोन हातात घेतला तिथं समासात फक्त एक रेघ मारायला सांगा, कारण लिहायला लावू नका. चार-पाच जणांच्या रेघा एकाच पानाच्या आसपास आल्या तर तिथं खोट आहे. पण खोट त्या पानावरच असेल असं नाही. बऱ्याचदा ती दहा-पंधरा पानं आधी असते, जिथं एखादा प्रश्न घाईनं मिटवला गेला.

आणि आठवं प्रकरण संपलं की थांबवून प्रत्येकाला वेगवेगळं विचारा: "शंकर आता काय करेल?" सगळ्यांनी एकच उत्तर दिलं तर पुढचं कथानक उघडं पडलंय. कुणालाच काही सांगता आलं नाही तर शंकर अजून घडलेला नाही, पट्टी आणि थप्पीचे प्रसंग परत लिहा. निम्मे म्हणाले तोंड उघडेल, निम्मे म्हणाले गप्पच राहील, आणि दोघांनीही आधीच्या पानांतलं काहीतरी पुरावा म्हणून दाखवलं, तर नववं प्रकरण आहे तसं पुढं जाऊ द्या.

विटेकर

शेवटाचं एक राहिलं. शंकरला कोर्टात किंवा सभेत बोलायला उभं करू नका, तिथं त्याच्या तोंडी भाषण येईल. अडतीच्या कट्ट्यावर, सर्व्हेअरसमोर, मालक शेजारी बसलेला असताना तो कुपवाडच्या मालाची यादी पुढं ठेवतो. अक्षर त्याचंच आहे हे तिघांनाही दिसतं. त्यानं एक-दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलायची गरज नाही. हौसाबाईला त्या दिवशी तिथं आणू नका. तिला ते दुसऱ्या कुणाकडून तरी, अर्धवट, कळू दे.